शुक्रवारचं वाक्य आणि शनिवारचा परिपाठ

शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय 2025 मध्ये झाला आणि शिक्षक-पालकांच्या ग्रुपांवर जुना वाद नव्याने पेटला. एक बाजू म्हणते, जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथीपर्यंतच. परीक्षा पाचवीला नेली तेव्हा मूल घडवणारी शाळा एक आणि निकाल मिरवणारी दुसरी, असं झालं. मग तयारी करून घेण्याचा हुरूप कुठून राहणार? दुसरी बाजू म्हणते, नऊ वर्षांच्या पोरांना 150-150 गुणांच्या दोन पेपरांना कशाला बसवता? मग कुणीतरी हुकमी पत्ता टाकतं: परदेशात बघा, तिकडे प्राथमिकला मार्कच नसतात, म्हणून मुलं कशी आनंदात शाळेत जातात.

हे मी इंग्लंडमधून लिहितोय, आणि इथल्यापुरतं बोलायचं तर हे खरं नाही. पहिलीच्या मुलाची जूनमध्ये वाचनाची तपासणी होते: 40 शब्द, त्यातले 20 मुद्दाम निरर्थक, म्हणजे पाठ केलेला शब्द चालत नाही, अक्षरांचे आवाज जोडूनच वाचावं लागतं. चौथीत पाढ्यांची संगणकावर परीक्षा: 12 च्या पाढ्यापर्यंत 25 प्रश्न, प्रत्येकाला 6 सेकंद. सहावीत मे महिन्यात चार दिवस पेपर, त्याचे गुण 80 ते 120 च्या पट्टीवर आणि 100 म्हणजे अपेक्षित पातळी. शिवाय देशात 163 ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा, उरल्या आहेत. त्यांच्या प्रवेशपरीक्षेसाठी केंट, बकिंगहॅमशर, स्लाउ या भागांत चौथीपासून शिकवण्या लागतात. आपली मंडळी त्यात मागे आहेत असं कुणी समजू नये.

फरक आहे तो दुसरीकडे. सहावीच्या पेपरांचे निकाल शाळानिहाय सरकारी तक्त्यात छापून येतात. मुलाचे गुण एका कागदावर घरी जातात. थोडक्यात, नंबर शाळेचा लागतो, मुलाचा नाही. आणि मुलाला सगळ्यांसमोर जे काही म्हटलं जातं, त्याचा या गुणांशी संबंध नसतो. ते काम शुक्रवारच्या सभेचं.

ही सभा बहुतेक प्राथमिक शाळांत असते, साधारण अर्धा तास. सगळी शाळा हॉलमध्ये मांडी घालून बसते, लहान पुढे, सहावीचे मागे बाकांवर. प्रत्येक वर्गातून एकाचं नाव पुकारलं जातं. अनेक शाळा त्या मुलाच्या आईबापांना आदल्या दिवशी गुपचूप ईमेल करतात, ते मागे येऊन उभे राहतात. मुख्याध्यापक प्रमाणपत्र देतात, आणि त्याआधी वर्गशिक्षिकेने लिहिलेलं एक वाक्य मोठ्याने वाचतात. सगळा जीव त्या वाक्यात असतो. ‘छान वागला म्हणून’ असं असेल तर टाळ्या पडतात आणि विषय संपतो. ‘गोष्ट लिहिताना पहिला शेवट पसंत पडला नाही म्हणून स्वतःहून दोनदा बदलला’ असं असेल, तर त्या मुलाला नेमकं कळतं की बाईंनी काय पाहिलं. बाकीच्या 200 जणांनाही कळतं की शेवट बदलणं ही कौतुकाची गोष्ट आहे.

आता यातलं गणित बघा. वर्गात 30 मुलं, वर्षात शाळेचे आठवडे 38-39. म्हणजे दर आठवड्याला एक नाव घेतलं तर प्रत्येकाची पाळी येते आणि वर आठ-नऊ आठवडे उरतात. बाईंच्या टेबलाच्या खणात टिकमार्कांची यादी असतेच. मुलांना हे फेब्रुवारीपर्यंत समजतं. कोण उरलंय ते ती बोटांवर मोजतात, आणि मग ‘आठवड्याचा तारा’ हा सभेतला किताब रेशनच्या रांगेतला नंबर होऊन बसतो. दुसरी खोट अशी की दंगेखोर मुलगा तीन दिवस गप्प बसला की लगेच त्याचं नाव लागतं. वर्षभर गप्प बसणारी मुलगी जूनपर्यंत थांबते. तिसरी सगळ्यांत वाईट: शंभर टक्के हजेरीचं बक्षीस. दमा असलेलं किंवा दर महिन्याला रुग्णालयात जावं लागणारं मूल ते कधीच मिळवू शकत नाही. ताप असताना शाळेत आलेलं मूल मात्र मिळवतं आणि येताना सगळ्या वर्गाला प्रसाद वाटतं. या बक्षिसावर इथे पुष्कळ टीका झाली आहे, तरी ते काही शाळांत टिकून आहे, कारण हजेरीचा आकडा वरून मागितला जातो.

पेन परवान्याचंही असंच. हा सरकारी नियम नव्हे, शाळांची रीत. तिसरी-चौथीपर्यंत सगळे पेन्सिलीने लिहितात. जोडाक्षरी वळण, म्हणजे अक्षराला अक्षर जोडून, ओळीवर बसणारं आणि सारख्या उंचीचं जमलं, की नावाचं कार्ड आणि शाईचं पेन मिळतं. सात वर्षांच्या मुलाला ते कार्ड मोटारीच्या परवान्याहून मोठं. पण बोटांच्या हालचालींत अडचण असलेली आणि डावखुरी मुलं शेवटी उरतात, आणि वर्गात पेन्सिल धरलेले दोनच हात दिसायला लागतात. म्हणून काही शाळांनी परवाना बंद करून ठरावीक इयत्तेला सगळ्यांना पेन द्यायला सुरुवात केली. मला ते पटतं. कौशल्याची खूण म्हणून सुरू झालेली गोष्ट उरलेल्यांची खूण होते, तेव्हा ती मोडावी.

हे सगळं सांगायचं कारण, आपल्याकडे या वाक्याची सोय आधीच आहे. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या आहेत. प्रगतीपुस्तकात त्यासाठी ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने आहेत. इंग्लंडच्या बाई शुक्रवारी जे वाक्य शोधतात, तेच हे. पण होतं काय? तयार नोंदींच्या पीडीएफ फिरतात. ‘परिपाठात सहभाग घेतो’, ‘स्वतःचे अनुभव सांगतो’, ‘गणितातील क्रिया अचूक करतो’ अशी वाक्यं चाळीस मुलांत आलटून पालटून उतरवली जातात, सत्र संपताना, दोन रात्रींत. शिक्षकांना मी दोष देत नाही. ज्या माणसाला एका खोलीत दोन-दोन इयत्ता शिकवायच्या, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा आणि मधेच मतदारयादीचं काम करायचं, तो पीडीएफ उघडणारच. शिवाय ती नोंद कुणी वाचत नाही. तपासणीला आलेले साहेब रकाना भरलाय का तेवढं बघतात, पालक श्रेणी बघून सही करतात, आणि ज्याच्याबद्दल ती लिहिली आहे त्या मुलाच्या कानावर ती कधीच पडत नाही.

कौतुक मुलाच्या कानावर पडतं ते वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनात किंवा 26 जानेवारीला. तिथला वेळही मोजून पाहावा. व्यासपीठावर नऊ पाहुणे, प्रत्येकाला शाल-श्रीफळ आणि परिचय मिळून तीन मिनिटं धरली तरी 27 मिनिटं गेली. मग मनोगतं. मुलांची बक्षिसं उरकताना निवेदक म्हणतो, ‘टाळ्या शेवटी एकदम वाजवा.’ बक्षीस घेणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे, पाहुण्याचाही कॅमेऱ्याकडे. मूल कशासाठी वर आलं हे ‘प्रथम क्रमांक’ यापलीकडे कुणालाच कळत नाही.

एकत्र येण्याच्या बाबतीत मात्र इथलं सगळं उचलून न्यावं असं मला वाटत नाही. उन्हाळी जत्रा हा इंग्लंडच्या प्राथमिक शाळेचा मोठा सण. ती भरवते पालकांची संघटना, बहुधा नोंदणीकृत धर्मादाय संस्था. आधीच्या शुक्रवारी गणवेशाला सुट्टी देतात, बदल्यात प्रत्येक वर्गाने काही आणायचं: एका इयत्तेने बाटल्या, एकीने चॉकलेट. मग त्या बाटल्यांवर आकडे चिकटवून टोंबोला लावायचा, चिठ्ठीचा शेवट शून्य किंवा पाचाने झाला की बाटली तुमची. सोडतीची तिकिटं जत्रेतच विकली तर नोंदणी लागत नाही. आठवडाभर आधी बाहेर विकायची तर कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, नोंदणी आणि पहिल्या वर्षी 40 पौंड. बिअर विकायची तर 10 कामकाजाचे दिवस आधी 21 पौंडांची नोटीस. उड्या मारायचा फुगीर किल्ला वाऱ्याचा वेग ताशी 38 किलोमीटरच्या वर गेला की उतरवायचा, मग रांगेत कितीही मुलं रडोत. आणि हे सगळं पाच-सहा आयाच करतात, दरवर्षी त्याच. श्रीमंत वस्तीतल्या शाळेची जत्रा ग्रंथालय उभं करते, गरीब वस्तीतली खुर्च्यांचं भाडं भागवते. समाजाच्या सहभागाचं हे दुसरं तोंड कुणी फारसं दाखवत नाही.

शिवाय या जत्रेत मुलं गिऱ्हाईक असतात. आपल्या बाल आनंद मेळाव्यात ती दुकानदार असतात. चौथीतली दोघं 200 रुपये भांडवल घेतात, कुरमुरे, फरसाण, कांदा, लिंबू आणतात, भेळेची प्लेट 10 रुपयांना विकतात आणि संध्याकाळी नफा काढतात. यातही पाणी घातलं जातं: भेळ आईने कालवलेली, हिशेब गुरुजींनी लिहिलेला, गिऱ्हाईक सगळे केंद्रप्रमुख आणि सरपंच. पण नीट केला तर इतका चांगला गणिताचा तास इंग्लंडच्या शाळांनी आपल्याकडून घ्यावा. त्यासाठी तीनच पथ्यं पाळावीत. भांडवलाची चिठ्ठी मुलानेच लिहायची. उरलेला माल ‘नासला’ म्हणून हिशेबात धरायचा, कारण नफा तिथेच खोटा होतो. आणि उधारी नाही, पाहुण्यांनाही नाही.

अधिकाराचं तर उलटंच आहे. आपल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक हवेत आणि निम्म्या महिला. इंग्लंडच्या सरकारी शाळेच्या नियामक मंडळात निवडून आलेले पालक किमान दोन असले की झालं. कागदावर आपण कितीतरी पुढे. फक्त इथले दोन पालक बैठकीत बसून अंदाजपत्रकावर प्रश्न विचारतात, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरून सह्या गोळा होतात.

इथल्या मराठी पालकांना संक्रांतीला एक धडा हटकून मिळतो. वर्गात तिळगूळ वाटावा म्हटलं तर नाही म्हणतात. कायद्याने जाहीर कराव्या लागणाऱ्या 14 ॲलर्जीकारक पदार्थांत तीळही आहे आणि शेंगदाणाही. म्हणजे आपला लाडू दोन्ही बाजूंनी अडकतो. हलव्यावर भागेल असं वाटतं, पण तोही तिळावर चढवलेला असतो. रागावण्यात अर्थ नाही. वाढदिवसाची मिठाईही बऱ्याच शाळांनी बंद केली आहे, त्याऐवजी वर्गाला एक पुस्तक द्यायचं आणि आत मुलाचं नाव लिहायचं. हा प्रकार आपल्याकडे काही शाळांत आधीपासून आहे आणि तो वाढावा. अठरा-वीस मुलांच्या शाळेत वर्षाला अठरा-वीस पुस्तकं, तीही न मागता.

आता मूळ मुद्दा. परीक्षा चौथीला की पाचवीला, हे सरकार ठरवेल आणि कदाचित पुन्हा बदलेल. पण परिपाठ रोजचा आहे आणि 2024 पासून आनंददायी शनिवारही आहे. समजा शाळा दोन शिक्षकी आहे, पट 40. दर शनिवारी चार मुलांची चार वाक्यं. दहा शनिवारांत सगळ्यांची एक फेरी, वर्षात तीन फेऱ्या सहज होतात. क्रम हजेरीपटाप्रमाणे लावू नये, नाहीतर मुलं मोजतील. चिठ्ठ्या काढाव्यात आणि फेरी पूर्ण व्हायच्या आतच एखादं नाव दुसऱ्यांदाही घ्यावं. वाक्यात तीन गोष्टी असाव्यात: मुलाने काय केलं, आधी कुठे अडत होतं, आणि ते कधी दिसलं. ‘गणितात हुशार आहे’ नको. ‘मधे शून्य आलं की हातचा घ्यायला अडायचा; बुधवारी 502 मधून 178 वजा केले आणि 324 मध्ये 178 मिळवून स्वतःच ताळा घेतला’ असं हवं. एवढं बोलायला वीस सेकंद लागतात. तेच वाक्य परिपाठानंतर नोंदवहीत ‘विशेष प्रगती’खाली उतरवलं की सत्राअखेरची पीडीएफ उघडावी लागत नाही.

महिन्यातून एका शनिवारी व्यवस्थापन समितीची बैठक परिपाठालाच जोडावी. आठवड्याचा बाजार किंवा मजुरीचा दिवस टाळून, सकाळी, अर्ध्या तासाची. ज्यांच्या मुलांची नावं आहेत त्यांना आदल्या दिवशी निरोप द्यावा. येऊ न शकणाऱ्या आईसाठी ते वाक्य कागदावर लिहून मुलाच्या हाती घरी पाठवावं. इंग्लंडमध्ये काही शाळा त्यासाठी पोस्टकार्ड वापरतात, आपल्याला वहीचं अर्धं पान पुरेल. आई वाचू शकत नसेल तर मूल तिला वाचून दाखवेल.

फ्लेक्स नको. शिष्यवृत्तीधारकांचे पासपोर्ट फोटो, गुण आणि गावाचं नाव चौकात लावण्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र 18 वर्षांखालच्या मुलाच्या डिजिटल माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. इथल्या शाळा प्रवेशाच्या वेळीच फोटोची परवानगी लेखी विचारतात, आणि नाही म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला समूहफोटोत बाजूला उभं करतात. तेही क्रूरच आहे, पण विचारतात तरी.

राहता राहिला शिक्षकांचा आक्षेप, की हा आणखी एक उपक्रम आणि माहिती भरायची आणखी एक लिंक. तो अगदी रास्त आहे. म्हणून हे करायचं असेल तर जिल्ह्याने त्याचा आदेश काढू नये आणि फोटो मागू नये. फोटो मागितला की शनिवारी सकाळी बाई वही उघडण्याआधी मोबाइलचं चार्जिंग बघतील.