मराठवाड्याचे खासदार आधी काय करत होते? त्या मेसेजला उत्तर

२०२४ च्या लोकसभा निकालानंतर मराठवाड्यातल्या ग्रुपांवर फिरू लागलेला एक मेसेज अजून थांबलेला नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या आठही खासदारांनी राजकारणाशिवाय आयुष्यात काही केलेलं नाही, शिकल्यासवरल्या माणसाला इथे मत मिळत नाही, जो तो धंदा ‘शेती’ लिहितो, तेव्हा खासदारकीला पदवीची अट घाला.

शिकलेल्याला मत मिळत नाही, हा दावा लातूरलाच कोसळतो. तिथून निवडून आलेले डॉ. शिवाजी काळगे नेत्रतज्ज्ञ आहेत आणि ही त्यांची पहिलीच निवडणूक होती. मोतीबिंदूचे पेशंट तपासता तपासता हा माणूस थेट लोकसभेत गेला. त्याआधी बीडने प्रीतम मुंडे या डॉक्टरला निवडून दिलं होतं आणि २०१९ मध्ये औरंगाबादने इम्तियाज जलील या पत्रकाराला. आणखी मागे, १९५७ मध्ये औरंगाबादचे खासदार होते स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले मास्तर. शिकलेल्यांना इथे मत मिळत नाही, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आता ‘राजकारणाशिवाय काही नाही’ हा भाग. औरंगाबादचे संदिपान भुमरे पैठणच्या साखर कारखान्यात स्लिप बॉय होते, म्हणजे ऊस भरलेल्या गाडीला चिठ्ठी देणारा कामगार. तिथून ते पाच वेळा आमदार, मग मंत्री आणि आता खासदार झाले. नांदेडचे वसंतराव चव्हाण नायगावचे सरपंच होते. पुढे जिल्हा परिषद, विधान परिषद, विधानसभा आणि शेवटी लोकसभा. निवडून आल्यावर तीन महिन्यांच्या आतच ते वारले. बीडचे बजरंग सोनवणे हेही जिल्हा परिषद आणि साखर कारखानदारीतूनच वर आले. यांच्या पक्षांशी किंवा कारभाराशी तुमचं पटेल न पटेल, पण गावच्या पाणीपुरवठ्याच्या फाइली वर्षानुवर्षे हाताळणं याला अनुभव म्हणायचं नाही, हे मला मुळीच मान्य नाही.

‘शेती’बद्दल मात्र मेसेजमध्ये तथ्य आहे. पीआरएस या संस्थेच्या मोजणीनुसार १८ व्या लोकसभेत सर्वाधिक खासदारांनी व्यवसाय म्हणून समाजकार्य आणि शेती लिहिली आहे. वकील ७ टक्के, डॉक्टर ४ टक्के. त्या रकान्यात दोन एकर कोरडवाहूवालाही शेतकरी आणि शंभर एकर बागायतवालाही शेतकरीच. पण म्हणून ते खोटं ठरत नाही. उमेदवारी अर्जासोबतच्या त्याच शपथपत्रात, नमुना २६ मध्ये, जमीन, कर्ज, उत्पन्नाचे स्रोत आणि गुन्हे हे सगळं लिहावं लागतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही वाचता येतं. मेसेज पुढे ढकलण्याआधी आपल्या खासदाराचं एकदा उघडून बघा.

पदवीच्या अटीला फार वेळ द्यायची गरज नाही. राज्यघटनेच्या कलम ८४ मध्ये नागरिकत्व आणि वय आहे, शिक्षण नाही. शिवाय या लोकसभेतले ७८ टक्के खासदार पदवीधर आहेतच. तरी एडीआर या उमेदवारांची शपथपत्रं तपासणाऱ्या संस्थेने मोजल्यानुसार ४६ टक्क्यांवर गुन्ह्यांच्या नोंदी आहेत आणि ९३ टक्के करोडपती आहेत. पदवीने यातलं काय थांबलं?

राग यायलाच हवा, पण तो दुसऱ्या गोष्टीचा. सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद या वाटेने साध्या घरातला माणूस वर येतो. आपल्या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसला. २०११ पासून याच संस्थांमध्ये बायकांना निम्म्या जागा आहेत, म्हणजे बंद पडली ती त्यांचीच वाट. आणि २०२४ मध्ये मराठवाड्यातल्या आठ जागांवरून एकही बाई लोकसभेत गेली नाही. बीडमध्ये पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी हरल्या, धाराशिवमध्ये अर्चना पाटील हरल्या. डॉक्टर आहे, कामगार आहे, सरपंच आहे, बाई नाही. एवढ्या लांबलचक मेसेजात याबद्दल एक ओळसुद्धा नाही.