डर्बीच्या पलीकडचं सरे

इंग्लंडमधल्या बायकांच्या मताधिकाराचा विषय निघाला की बहुतेकांना एकच प्रसंग आठवतो. ४ जून १९१३, एप्समची डर्बी ही घोड्यांची शर्यत, टॅटनहॅम कॉर्नरला धावत्या घोड्यांसमोर गेलेली मताधिकाराची कार्यकर्ती एमिली डेव्हिसन, राजाचा घोडा अॅन्मर, आणि चार दिवसांनी एप्समच्याच इस्पितळात झालेला तिचा मृत्यू. हा प्रसंग विसरावा असं मी मुळीच म्हणत नाही. पण एप्सम ज्या सरे काउंटीत आहे, तिथला मताचा झगडा त्या एका दुपारपुरता नव्हता. तो गावागावांतल्या शाखांनी वर्षानुवर्षं चालवला, मत मागणाऱ्यांनीही आणि मताला विरोध करणाऱ्यांनीही. विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता, 'सर्वसाधारण बाईला मत नकोच आहे.' माझं ठाम मत आहे की या मुद्द्याला बॉम्बने उत्तर देता येत नव्हतं. ते याद्या, वर्गण्या आणि सभा यांनीच द्यावं लागणार होतं, आणि ते काम करणाऱ्या बायकांना आपण इतिहासात फार कमी जागा दिली आहे.

आधी मैदान समजून घेऊ. सरे लंडनला लागून. रेल्वेमुळे लंडनचे वकील, चित्रकार, लेखक, बँकवाले गिल्डफर्ड, गोडाल्मिंग, डॉर्किंग, वोकिंग, रायगेटच्या आसपास घरं बांधून राहायला आलेले. त्यांच्या बायका-मुली शिकलेल्या, हाताशी वेळ असलेल्या. शेजारी जुनी जमीनदार घराणी. आणि या दोन्ही प्रकारच्या घरांत राबणाऱ्या, तिथेच राहणाऱ्या मोलकरणी, स्वयंपाकिणी. मताच्या बाजूच्या आणि विरोधी शाखा याच घरांतून निघाल्या, एकाच चर्चला जाणाऱ्या, एकमेकींकडे चहाला जाणाऱ्या बायकांनी चालवल्या.

गोडाल्मिंगची शाखा पाहा. चित्रकार जी. एफ. वॉट्स यांच्या पत्नी मेरी वॉट्स तिच्या अध्यक्ष. कॉम्प्टन गावात मातीकामाचा कारखाना उभा करणारी, तिथलं चॅपल गावकऱ्यांच्या हातून सजवून घेणारी ही बाई. शाखेच्या निशाणाचं डिझाइन केलं गर्ट्रूड जेकिल यांनी, ज्यांचं नाव बागकामाच्या जगात आजही आदराने घेतलं जातं. ते निशाण गोडाल्मिंगच्या संग्रहालयात आहे. ही शाखा कायद्याच्या चौकटीत काम करणाऱ्या नॅशनल युनियन ऑफ विमेन्स सफ्रेज सोसायटीजची. रंग लाल, पांढरा, हिरवा. साप्ताहिक 'द कॉमन कॉज', किंमत एक पेनी. पॅन्कहर्स्ट मायलेकींची विमेन्स सोशल अँड पॉलिटिकल युनियन वेगळी, कायदा मोडायला तयार असलेली लढाऊ संघटना, तिचे रंग जांभळा, पांढरा, हिरवा. हा फरक आज किरकोळ वाटतो, पण १९१३ मध्ये गावच्या चौकात उभं राहून बोलणाऱ्या बाईच्या अंगावर अंडं पडणार की नाही, हे त्यावर ठरायला हवं होतं. प्रत्यक्षात गर्दी तो फरक करत नसे, आणि कायदेशीर बाजूचं सगळ्यात मोठं दुखणं तेच होतं.

शाखा चालायची कशी? एक अध्यक्ष, शक्यतो वजनदार नावाची. एक सेक्रेटरी, जी खरं सगळं काम करते. एक खजिनदार. घरच्या दिवाणखान्यात बैठक, मग गावच्या हॉलमध्ये जाहीर सभा, मग चौकात उघड्यावरची सभा. सभेच्या शेवटी ठराव मांडून हात वर करवायचे आणि तो ठराव स्थानिक खासदाराला पाठवायचा. १९१० पासून शाखांचे प्रादेशिक संघ झाले. सरे, ससेक्स आणि हॅम्पशायर मिळून एक संघ. त्याचा फायदा असा, की एकट्या छोट्या शाखेला न परवडणारी पगारी संघटक संघाच्या पैशातून ठेवता येई आणि जिथे शाखाच नाही अशा खेड्यांत तिला पाठवता येई. १९१४ पर्यंत नॅशनल युनियनच्या शाखा ५०० च्या घरात गेल्या आणि सदस्य ५०,००० च्या वर.

पण वर्गणी हा अडथळा होता. मोलकरणीला, धोबिणीला ती परवडत नसे, आणि दिवाणखान्यातल्या बैठकीला तिला कोणी बोलावतही नसे. म्हणून १९१२ मध्ये 'मताधिकाराचे मित्र' नावाची योजना आली. वर्गणी नाही, फक्त एका कार्डावर सही: बायकांना मत मिळावं असं मला वाटतं. ती घेण्यासाठी कार्यकर्तीने दारोदार जायचं. माझ्या मते त्या चळवळीतला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण 'बायकांना नकोच आहे' या दाव्यावरचा हा थेट तोडगा होता. प्रत्येक कार्ड म्हणजे 'हवंय' म्हणणारी, नाव-पत्ता असलेली एक बाई.

आता विरोधक. त्यांना मूर्ख ठरवून पुढे जाणं सोपं आहे, पण मग काहीच कळत नाही. विमेन्स नॅशनल अँटी-सफ्रेज लीग १९०८ मध्ये निघाली. १९०९ मध्ये तिने ३,३७,०१८ सह्यांचा अर्ज पार्लमेंटला दिला. १९१० च्या अखेरीस ती पुरुषांच्या लीगमध्ये मिसळली आणि अध्यक्ष झाले इजिप्तवर हुकूमत गाजवलेले लॉर्ड क्रोमर, त्यांच्यानंतर लॉर्ड कर्झन. हो, बंगालची फाळणी करणारे तेच कर्झन. त्यांनी मताधिकाराविरुद्ध १५ कारणांची यादीच काढली होती. त्यातली शेवटची कारणं अशी, की ब्रिटिश सरकार निवडण्यात बायकांचा मोठा वाटा असला तर परकी सत्तांच्या नजरेत ब्रिटनची किंमत कमी होईल आणि हिंदुस्थानात त्याचा गैरसमज होऊन राज्य दुबळं पडेल. सरेतल्या बाईला मत नाकारायला आपला देश कारण म्हणून पुढे केला जात होता, हे आपल्याकडे माहीत असायला हवं.

पण लीगचं गावपातळीवरचं काम लॉर्ड करत नव्हते. ते बायकाच करत होत्या. डॉर्किंगच्या दक्षिणेला केपल गावाजवळ राहणाऱ्या बर्था ब्रॉडवुड यांचं उदाहरण घ्या. पियानो बनवणाऱ्या घराण्यातल्या. त्यांनी खेड्यातल्या गरीब घरांना परिचारिका मिळावी म्हणून संस्था उभी केली. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी घ्यायची आणि परिचारिकेने रुग्णाच्याच घरी राहून शुश्रूषेबरोबर घरही सांभाळायचं, अशी ती पद्धत. हिशेब, नेमणुका, पत्रव्यवहार, सगळं त्यांच्या हातात. आणि त्या मताधिकाराच्या विरोधात होत्या. त्यांच्यासारख्यांना यात विसंगती दिसत नव्हती. नगरपालिकेच्या निवडणुकीत करदात्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांना १८६९ पासून मत होतं, १८८८ पासून काउंटी कौन्सिलमध्येही, आणि १८९४ नंतर पॅरिश आणि जिल्हा कौन्सिलांमध्ये बायका निवडूनही येऊ शकत. विरोधी स्त्रियांचं म्हणणं असं, की शाळा, आरोग्य, अनाथांची व्यवस्था हे बाईचं क्षेत्र, तिथे तिने यावंच. युद्ध, साम्राज्य, आरमार हे नको. मला हा युक्तिवाद चुकीचा वाटतो, कारण शाळेला आणि दवाखान्याला लागणारा पैसा आणि कायदा शेवटी पार्लमेंटमध्येच ठरतो. पण तो प्रामाणिकपणे केलेला होता, आणि त्याला पत्रकातल्या व्यंगचित्रांनी उत्तर मिळत नाही.

या विरोधकांचं मुख्य हत्यार होतं मोजणी. नगरपालिकेच्या यादीतल्या बायकांना उत्तराचं टपाल भरलेली पोस्टकार्डं पाठवायची: तुम्हाला पार्लमेंटचं मत हवं की नको? निकाल छापला जाई आणि 'नको'ची संख्या मोठी दिसे. ही पद्धत कुठे कुठे फसते ते पाहा. यादीत विवाहित बायका जवळपास नाहीत, म्हणजे बायकांचा मोठा भाग मुळातच बाहेर. यादीत आहेत त्या बऱ्याचशा वयस्क विधवा. न आलेल्या कार्डांचा अर्थ 'उत्सुकता नाही' असा लावायचा की 'माहीत नाही' असा, हे मोजणारा ठरवणार. आणि सरेसारख्या ठिकाणी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विचारणारी कोण? ज्या घराच्या जमिनीवर तुमची झोपडी, त्या घरच्या बाईंनी दारात येऊन विचारलं तर भाडेकरू विधवा काय उत्तर देईल? हाच आक्षेप दुसऱ्या बाजूच्या कार्डांनाही लागू होतो, हे मान्य करायला हवं. म्हणून मला जानेवारी १९१० ची मोहीम जास्त वजनाची वाटते. त्या निवडणुकीत नॅशनल युनियनच्या बायका मतदान केंद्रांबाहेर थंडीत उभ्या राहिल्या आणि मत देऊन येणाऱ्या पुरुषांच्या सह्या घेतल्या. सही करणारा त्या क्षणी मतदार असल्याचं उघड होतं. देशभरात सुमारे २,८०,००० सह्या झाल्या.

लढाऊ गटाची सरेतली कामगिरी मोठी आहे आणि तिची किंमतही. डॉर्किंगजवळ होमवुडला फ्रेडरिक आणि एमलीन पेथिक-लॉरेन्स यांचं 'द मॅस्कट' हे घर. १९१२ मध्ये कटाच्या खटल्यात दोघांना शिक्षा झाली आणि खटल्याचा खर्चही त्यांच्यावर लादला गेला. त्यांनी तो भरायला नकार दिला. घरात बेलीफ येऊन बसले आणि ३१ ऑक्टोबरला सामानाचा लिलाव झाला. मित्रमंडळींनी वस्तू विकत घेऊन त्यांना परत दिल्या. त्याच महिन्यात पॅन्कहर्स्टनी या जोडप्याला संघटनेतून बाहेर काढलं होतं, ज्यांच्या पैशावर आणि कष्टावर ती संघटना उभी होती. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

१९ फेब्रुवारी १९१३ ला वॉल्टन-ऑन-द-हिल इथे अर्थमंत्री लॉइड जॉर्जसाठी बांधल्या जाणाऱ्या घरात बॉम्ब फुटला. दोन ठेवले होते, एक फुटला. एमलीन पॅन्कहर्स्टनी जबाबदारी घेतली, एप्समला पहिली सुनावणी झाली, आणि एप्रिलमध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत तीन वर्षांची सक्तमजुरी. उपोषणामुळे सुटका, बरं वाटायला लागलं की पुन्हा अटक, असं चक्र. त्या काळात त्या वोकिंगला संगीतकार एथेल स्मिथ यांच्या घरी विश्रांतीला राहत आणि मे महिन्यात तिथून बाहेर पडतानाच पोलिसांनी त्यांना पुन्हा धरलं. डेव्हिसन ज्या दिवशी वारल्या त्याच रात्री किटी मॅरियन आणि क्लारा गिव्हीन यांनी मोल्सीजवळच्या हर्स्ट पार्क रेसकोर्सचा स्टँड जाळला. तारेच्या कुंपणावर गालिचा टाकून त्या आत उतरल्या होत्या. जुलैत गिल्डफर्डच्या कोर्टात दोघींना तीन तीन वर्षं.

या बायकांचं धैर्य मोठं होतं, तुरुंगात नळीने बळजबरी अन्न घालणं हा छळ होता. पण हर्स्ट पार्कनंतर जेमतेम सहा आठवड्यांनी कायदेशीर गटाची यात्रा त्याच सरेतून जायची होती. १८ जून १९१३ ला कार्लाईल आणि न्यूकॅसलहून सुरुवात करून देशभरातून आठ मार्गांनी बायका चालत लंडनला निघाल्या. पोर्ट्समथ रोडवाल्या गोडाल्मिंग-गिल्डफर्डमार्गे, ब्रायटन रोडवाल्या रायगेट-रेडहिलमार्गे. पोशाखाच्या सूचना नेमक्या होत्या: करडा, काळा, पांढरा किंवा गडद निळा साधा कपडा, साधी हॅट, तिच्यावर शिंपल्याच्या आकाराचा लाल-पांढरा-हिरवा बिल्ला. खांद्यावर लाल वॉटरप्रूफ पिशवी, तिच्यावर मार्गाचं नाव. हे सगळं 'आम्ही जाळपोळ करणाऱ्या नव्हे' हे दुरूनच कळावं म्हणून. तरी ठिकठिकाणी गोंधळ झाला. सरेच्या सीमेपलीकडे ईस्ट ग्रिनस्टेडला १,५०० च्या जमावाने अंडी-टोमॅटो मारले. आगी दुसऱ्या संघटनेने लावल्या होत्या, आणि मार या बायकांना बसत होता.

तरीही त्या चालत राहिल्या, सभा घेत राहिल्या, आणि २६ जुलैला हाइड पार्कात सुमारे ५०,००० लोक जमले. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान अॅस्क्विथ यांनी त्यांच्या शिष्टमंडळाची भेट घेतली. माझ्या लेखी 'बायकांना नकोच आहे'ला मिळालेलं सगळ्यात सणसणीत उत्तर हेच.

एक तिसरी वाटही होती, करबंदीची. 'मत नाही तर कर नाही.' नकार, समन्स, दंड, जप्ती, लिलाव, आणि लिलावाच्या जागी सभा, असा तो क्रम. पण विवाहित बाईच्या कराला नवरा जबाबदार धरला जाई, त्यामुळे हे हत्यार फक्त मिळकत असलेल्या अविवाहित किंवा विधवा बाईच्या हाती. थेम्सपलीकडे हॅम्प्टन कोर्टला राहणाऱ्या पंजाबचे महाराजा दुलीपसिंग यांच्या कन्या सोफिया यांनी ते वापरलं. १९११ मध्ये त्यांची सात हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात गेली, आणि एका मैत्रिणीने ती घेऊन परत दिली. त्याच वर्षी काश्मीरात मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन यांना सोफिया भेटल्या, अंगावर मताधिकाराचा बिल्ला लावलेल्या. १९१९ मध्ये याच मायलेकी हिंदी स्त्रियांच्या मताची बाजू मांडायला लंडनला गेल्या, आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात मिळकतीच्या अटीवर बायकांना मत मिळालं.

इंग्लंडमध्ये जानेवारी १९१८ ला बायकांना मत देणारं विधेयक लॉर्ड्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, आलं तेव्हा तिथले सभागृहनेते कर्झनच होते. त्यांनी विरोधात भाषण केलं, पण निवडून आलेल्या कॉमन्स सभागृहाशी भांडण नको म्हणून मत दिलं नाही, आणि कलम १३४ विरुद्ध ७१ ने टिकलं. गावोगावच्या विरोधी शाखांना हा दगाच वाटला.

कायद्याची अट होती ३० वर्षं वय आणि घर किंवा जागा ताब्यात असणं, स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या. त्यामुळे मेरी वॉट्सना मत मिळालं. मताला विरोध करणाऱ्या घरमालकिणींनाही मिळालं. पण गिल्डफर्ड-डॉर्किंगच्या मोठ्या घरांत मालकाच्या छपराखाली राहणारी अविवाहित मोलकरीण पस्तिशीची असली तरी बाहेरच राहिली. 'मित्र' कार्डावर जिची सही सगळ्यात जास्त मोलाची मानली गेली होती, तिला मत मिळायला २ जुलै १९२८ चा कायदा यावा लागला, आणि ते प्रत्यक्ष टाकायला मे १९२९ ची निवडणूक.