छत्तीस हजार किलोमीटर आणि एक सर

भर जुलैत, तेही चिपळूणच्या अलीकडे राहून, डिशचं रिचार्ज न चुकता मारणारे आमचे अण्णा म्हणजे आशावादाची कमाल. आमच्याकडे पाऊस आधी टीव्हीत येतो, मग अंगणात.

सुरुवात आवाजापासून होते. मग मालिकेतल्या सासूबाईंच्या चेहऱ्याचे चौकोन पडतात. कुंकू एका चौकोनात, डोळा दुसऱ्यात. "तुझ्या मुलाचा खरा बाप..." एवढं बोलून बाई तोंड उघडं ठेवून गोठतात आणि पडद्यावर पाटी येते : सिग्नल उपलब्ध नाही. अँटेनाच्या काळात पावसात मुंग्या यायच्या, पण मुंग्यांतून का होईना, कोण कोणाला बदडतंय ते कळायचं. डिजिटलला मधलं काही ठाऊकच नाही. आहे तर चकचकीत, नाही तर ठणठणाट.

यामागचं शास्त्र मी आईला समजावून पाहिलं. उपग्रह विषुववृत्तावर साधारण 36,000 किलोमीटर उंचीवर. तिथून येणाऱ्या केयू बँडच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, त्यामुळे मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषून तरी घेतात, नाहीतर इकडेतिकडे उधळून लावतात. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्या सी बँडवर चालतात, त्यांच्या लहरी लांब, म्हणून त्यांना पाऊस फारसा बाधत नाही. म्हणजे अख्खं अंतराळ सुखरूप पार करायचं आणि घात व्हायचा तो शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत. मुंबईची एसटी रात्रभर नीट यावी आणि आमच्या वाडीच्या चढणीला बंद पडावी, तसं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मग तो जरा खाली नाही का लावायचा त्यांनी?"

शेजारच्या तात्यांचा शास्त्रावर विश्वास नाही. ते पत्र्यावर चढले आणि डिशच्या दांड्याला पुढे जो एलएनबी, म्हणजे लहरी पकडणारा डबा, असतो, त्याला दुधाची पिशवी बांधून आले. एलएनबी कोरडा झाला, आभाळ राहिलं तसंच. जाता जाता तात्यांनी डिशही "जराशी" वळवली. मग पाऊस उघडला तरी एकही चॅनल लागेना.

कस्टमर केअरला फोन लावला. "सर, आपल्या भागात सध्या पाऊस आहे का?"

अण्णा म्हणाले, "ताई, पाऊस आमच्या भागात नाही. आम्ही पावसाच्या भागात आहोत."

बॉक्स बंद करून पुन्हा चालू करा, असं उत्तर आलं. तेही केलं. त्या गडबडीत बातम्या लागल्या, खाली पट्टी सरकत होती : "रत्नागिरी जिल्ह्यात येत्या तीन तासांत..." आणि पट्टी तिथेच थिजली. पुढचं आम्ही खिडकीतून पाहिलं.

हुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात. दुपारी लाईट नसते. मोबाईलवर बघावं, तर लाईटमागोमाग टॉवरही जातो. त्यामुळे पावसाळाभर मालिकेची कथा आईच पुढे नेते. यंदा श्रावणातच तिने त्या सासूबाईंना हार्ट अटॅकने घालवलं, सुनेला वाडा मिळवून दिला आणि मोलकरणीचं लग्नही उरकलं. नवरात्रात आभाळ मोकळं झालं, टीव्ही लागला, तर बाई ठणठणीत, पैठणी नेसून आरती करतायत!

"हिला कोणी परत आणलं?" आई अण्णांवरच डाफरली.