सीपीएलच्या दारात 200 तास मागणारा मेसेज खोटा आहे

'सीपीएल ट्रेनिंग सुरू करण्याआधी 200 तासांचा उड्डाण अनुभव सक्तीचा. डीजीसीएचा नियम.' नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, आणि डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचे नियम बघणारी सरकारी संस्था. त्याच्या खाली जाहिरात आहे: आमच्या सिम्युलेटरवर 50 तासांचं पॅकेज घ्या, जागा मर्यादित. परवा तो दादाकडे पोचला. भाचीला पायलट व्हायचंय, बारावीला आहे. दादा एफडी मोडायला निघाला होता. म्हणून हे लिहितेय, आणि रागानेच लिहितेय.

200 हा आकडा नियमात आहे, पण तो शेवटी लागतो. विमान नियम 1937 चं दुसरं शेड्यूल काढून वाचा. कमर्शियल लायसन्ससाठी अर्ज करताना मागच्या पाच वर्षांतले 200 तास दाखवावे लागतात. त्यात 100 तास पायलट-इन-कमांड (पीआयसी) म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, 20 तास क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी), 10 तास इन्स्ट्रुमेंटवर (बाहेर न बघता उपकरणं वाचून), 5 तास रात्रीचे. क्रॉस-कंट्रीत एक उड्डाण किमान 300 नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. हे तास भरणं हेच तर ट्रेनिंग! बारावीला प्रवेश घ्यायला आलेल्या पोरीकडे बारावीचीच मार्कशीट मागावी, तसा हा मेसेज आहे.

आणि हे तास ट्रेनिंगआधी मिळणार कुठून? नवख्या माणसाला स्टुडंट पायलट लायसन्स लागतं. वय 16 पूर्ण, दहावी पास, मेडिकल आणि एक प्राथमिक परीक्षा, एवढ्यावर ते मिळतं. उड्डाणाच्या तासांची अट त्यात नाही. कुठल्याही पायलटच्या लॉगबुकचं पहिलं पान बघा. तारीख, विमानाचा प्रकार, 'व्हीटी'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि वेळ 'ड्युअल'च्या रकान्यात, म्हणजे शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला. पीआयसीचा रकाना कोरा. सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते.

सिम्युलेटरचं पॅकेज ही तर सरळ लूट आहे. इन्स्ट्रुमेंटच्या त्या 10 तासांपैकी जास्तीत जास्त 5 तास सिम्युलेटरवर चालतात, आणि तोही मान्यताप्राप्त हवा. मग 50 तासांचं लोणचं घालायचं? मी जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून सिम्युलेटरचा मान्यता क्रमांक मागितला. 'मॅडम, ते प्रोसेसमध्ये आहे,' असं उत्तर आलं. कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत कॉम्प्युटरला जोडलेल्या हँडलवरचे तास लॉगबुकात शून्य धरले जातात. पोरांना हे कळतं ते पैसे भरल्यावर.

मेसेजमध्ये 'परदेशातही हाच नियम' असंही लिहिलंय. यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. युरोपात मॉड्युलर पद्धतीने, म्हणजे एकेक टप्पा वेगळा करत जाणाऱ्याला सीपीएलचं उड्डाण प्रशिक्षण सुरू करण्याआधी प्रायव्हेट लायसन्स आणि 150 तास लागतात. पण तिथेही इंटिग्रेटेड, म्हणजे सगळं एकत्र शिकवणारा कोर्स शून्यापासूनच सुरू होतो. आपल्याकडे तर प्रायव्हेट लायसन्सही मध्ये घ्यावंच लागतं असं नाही. एवढं लांब कशाला, आपल्या गोंदियाच्या बिरसी विमानतळावरची संस्था किंवा रायबरेलीजवळची इग्रुआ ही सरकारी फ्लाइंग स्कूल कधी विमानात न बसलेल्या मुलांनाही घेतात. प्रवेश परीक्षा, मुलाखत, बारावीचं फिजिक्स-मॅथ्स बघतात. लॉगबुक मागत नाहीत.

मेसेजमधलं '1500 तासांशिवाय नोकरी नाही' हेही चूक. 1500 तास लागतात ते एटीपीएलला (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स), म्हणजे कॅप्टन होताना. को-पायलटची सुरुवात सीपीएलवरच होते. चष्मा असला की पायलट होता येत नाही, हेही तसंच चूक, मर्यादेतला नंबर चालतो.

दादाला मी सांगितलंय, पैसा खर्च करायचाच असेल तर आधी भाचीच्या मेडिकलवर कर. आधी क्लास टू, मग त्याहून कडक क्लास वन. रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो आत्ताच कळलेला बरा, लाखांची फी भरल्यावर नको. आणि फ्लाइंग स्कूल निवडताना डीजीसीएच्या वेबसाइटवरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघड. जाहिरातवाल्याचं नाव मी त्या यादीत शोधलं, ते नाही.