टाकीत तुकडा वाढतो, म्हणून प्रवाळ वाचत नाहीत

‘कठीण प्रवाळाचा तुकडा तोडून मत्स्यालयाच्या टाकीत लावला की तो वाढतो, तेव्हा समुद्रातले प्रवाळ पांढरे पडून मेले, तरी हौशी लोकांच्या घरी त्यांचा वंश सुरक्षित आहे आणि पुढे तेच समुद्रात लावता येतील,’ असा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आरंभ खरा असल्यामुळेच पुढचे चुकीचे निष्कर्ष चटकन पटतात.

पांढरे पडणे म्हणजे मरणे नव्हे. प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. उष्णतेच्या ताणाखाली पॉलिप आपल्या पेशींतले रंगीत, एकपेशीय शैवाल गमावतो. उरते ते काचेसारखे पारदर्शक जिवंत मांस आणि त्यातून दिसणारा चुन्याचा सांगाडा. पाणी वेळेत निवले, तर शैवाल परततात, आणि म्हणूनच अशा प्रवाळाला मेलेला समजून सोडून देणे ही घोडचूक आहे.

आता वंशाचा प्रश्न. तुकडा ही मूळ वसाहतीची हुबेहूब प्रत असते. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या समुद्रातल्या स्तंभ प्रवाळात नर आणि मादी वसाहती सहसा वेगळ्या असतात. त्यामुळे एका नर वसाहतीचे हजार तुकडे घरोघर वाढले, तरी त्यातून एकही पिल्लू जन्मणार नाही. त्या किनाऱ्यावर 2014 साली कठीण प्रवाळांचा रोग आढळल्यानंतर वेगवेगळ्या वसाहती समुद्रातून काढून जमिनीवरच्या टाक्यांत जपल्या गेल्या आणि ऑगस्ट 2019 मध्ये फ्लोरिडा ॲक्वेरियमच्या प्रयोगशाळेत ऋतू, सूर्योदय-सूर्यास्त आणि चंद्रप्रकाश यांची नक्कल करून त्यांच्याकडून अंडी व शुक्राणू सोडवून घेण्यात आले. टाकी किती उपयोगी पडू शकते, हे यातून दिसते, आणि त्यामागे नोंदी व शिस्त किती लागते, हेही.

‘पुढे समुद्रात लावू’ या आशेचे उत्तर तर फ्लोरिडातल्याच सोम्ब्रेरो रीफ या प्रवाळ-खडकाने दिले. जुलै 2023 च्या उष्णतेत, अनेक वर्षे कष्टाने लावलेल्या प्रवाळांपैकी तिथे एकही जिवंत उरला नाही. ज्या पाण्याने जुने प्रवाळ मारले, त्याच पाण्यात नवे कसे जगतील?

राहिला आपल्याकडचा मुद्दा. मालवणच्या समुद्रातून किंवा पुळणीवरून टाकीसाठी तुकडा उचलण्याचा सल्लाही या मजकुराखाली दिला जातो. 2001 पासून सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या जीवांच्या यादीत, आहेत. पुळणीवर सापडलेला सुका सांगाडाही त्या संरक्षणाबाहेर नाही, म्हणून तो जिथे आहे तिथेच राहू द्यावा.