यकृत मी मध्ये आणलेलं नाही, ते वाटेतच आहे

दादा, मलेरियाबद्दल तुमचं म्हणणं असं की डास चावला, जंतू रक्तात गेले, ताप आला. त्यात मी उगाच यकृत घुसडलं. पुरावा म्हणून तुमचा भाचा. मुंबईत साइटवर असताना त्याला व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) निघाला, तीन दिवसांच्या गोळ्या संपवल्या, आणि चार महिन्यांनी सांगलीत, मच्छरदाणीत झोपूनही, पुन्हा हुडहुडी. म्हणून गोळ्याच बोगस!

अहो, गोळ्या बोगस असत्या आणि जंतू रक्तातच उरले असते, तर ताप काही आठवड्यांतच उलटला असता. चार महिने ते होते कुठे?

डासाची मादी लाळेबरोबर जंतू सोडते ते बहुतेक कातडीत. तिथून ते स्वतः सरकत बारीक रक्तवाहिनी गाठतात आणि रक्तातून यकृतात जातात. तिथंही पहिल्याच पेशीत मुक्काम नाही. काही पेशी आरपार भेदून मग एकीत बसतात. आठवडाभर तिथंच वाढून एकाचे हजारो होतात. तोवर माणूस ठणठणीत, आणि बोट टोचून काचपट्टीवर थेंब घेतला तरी काही दिसत नाही. नंतर ते तांबड्या पेशींत शिरतात. व्हायवॅक्समध्ये साधारण दर 48 तासांनी या पेशी फुटतात, म्हणून एक दिवसाआड थंडी-ताप.

फ्रेंच डॉक्टर लाव्हराननी 1880 मध्ये रक्तात जंतू पाहिला, ब्रिटिश डॉक्टर रॉसनी 1897 मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात. मधले दिवस तो यकृतात असतो हे शॉर्ट आणि गार्नहम यांनी दाखवलं ते थेट 1948 मध्ये. शास्त्रज्ञांनाही तो इतकी वर्षं चकवत होता!

आता भाचा. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात न वाढता झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात. (फॅल्सिपेरम या दुसऱ्या प्रकारचे असं करत नाहीत.) क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या रक्त साफ करतात, झोपलेल्यांना धक्काही लागत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन असते, 14 दिवस. ताप उतरला की ती अर्ध्यात सोडणारे कितीतरी. त्याचा जुना कागद काढा आणि बघा, ती लिहिली होती का, आणि पोरानं घेतली का.

मात्र दुकानातून परस्पर आणू नका. जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी तिनं फुटतात. गरोदर बाईला तर देतच नाहीत. आधी रक्त पुन्हा तपासा, कारण हुडहुडी डेंगीतही भरते.

आणि तपासणी होईपर्यंत त्याला मच्छरदाणीतच झोपवा. त्याला चावलेली मादी पुढे घरातल्या कुणालाही चावू शकते.