तळपायावरची प्रत्येक लाल गाठ चामखीळ नसते

सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: तळपायावर लाल, ओलसर गाठ आली तर ती चामखीळच, चुना लावा, गळून पडेल. कृपया लावू नका, चुन्याने कातडी भाजते. मी पुण्यात बायोप्सी, म्हणजे गाठीचे काढलेले तुकडे, तपासते. अशी गाठ कधी पोरोमा निघते: घामाच्या ग्रंथीच्या नळीतून वाढलेली, कर्करोग नसलेली दुर्मीळ गाठ. वैद्यकशास्त्रात तिचं पहिलं वर्णन १९५६चं. पण वरून चामखीळ, पोरोमा आणि रंगहीन मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) सारखेच दिसू शकतात, आणि मेलानोमा जीवघेणा असतो. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, तुकडा तपासून घ्या. पोरोमा पूर्ण काढला की बहुधा प्रश्न मिटतो. चुन्याचा मेसेज पुढे पाठवू नका; ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासा पाठवा.